उंबऱ्याशी पाय चिकटतात तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळचं जुनं घर, वडील ७१ वर्षांचे, ६ वर्षांपासून पार्किन्सन्स, गोळ्या वेळेवर चालू. ओटीवरून माजघरात येताना उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटतात आणि हात धरून ओढलं की ते पुढे कलंडतात. फिजिओथेरपीला चिपळूणला जाणं आठवड्यातून एकदाच जमतं. मग गोळ्यांखेरीज घरी काय करता येईल?

आधी ते ओढणं आजपासून बंद करा. ओढलं की धड पुढे येतं आणि पाय जागीच राहतात, म्हणून ते कलंडतात. त्यांच्या बाजूला, जरासं मागे उभं राहा, एक हात कमरेजवळ तयार ठेवा.

त्यांच्या पायातलं बळ गेलेलं नाही. पाऊल केवढं टाकायचं, कोणत्या लयीत टाकायचं, हे मेंदूच्या आतला बेसल गँग्लिया नावाचा भाग आपल्या नकळत सांभाळतो. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, आणि मग हे नकळत होणारं काम ढेपाळतं. दाराची अरुंद जागा समोर आली की पावलं आखूड होत जातात आणि शेवटी थांबतात. पण समोर रेघ दिसली किंवा कानावर ठोका पडला, की तेच पाऊल मेंदू दुसऱ्या वाटेने टाकून घेतो. २०१० साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अशा एका ५८ वर्षांच्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली: दोन-चार पावलं टाकतानाही अडकणारा तो माणूस सायकल मात्र सराईतपणे चालवत होता.

म्हणून उंबऱ्याशी रेघा आखा. गोळी लागू पडलेली असते त्या वेळी वडिलांना १० पावलं चालवा, एकूण अंतर मोजा, १० ने भागा आणि त्यात ४-५ सेंटिमीटर वाढवा. दोन रेघांमधलं अंतर तेवढं ठेवा. बहुतेकांचं ते ४५ ते ६० सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. हावरेपणाने जास्त ठेवलंत तर रेघ गाठायला ते झेप घेतील आणि तोल जाईल. रेघा चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, दीड-दोन इंच रुंद. लाल कोब्यावर पांढरी किंवा पिवळी पट्टी, पांढऱ्या फरशीवर गडद. सारवलेल्या जमिनीवर चिकटपट्टी टिकत नाही, तिथे चुन्याचे पट्टे ओढा. उंबऱ्याच्या अलीकडे ३ आणि पलीकडे ३ रेघा पुरतात. उंबऱ्याच्या कडेला वेगळा ठळक रंग द्या, म्हणजे तो ओलांडायचा आहे हे लांबूनच दिसेल. चौकटीला उभा दांडा बसवता आला तर उत्तम. पावसाचे शिंतोडे येतात त्या पडवीत गुळगुळीत टेप किंवा ऑइलपेंट नको, ओलं झालं की पाय सटकतो. पट्टीचं टोक सुटलं की त्याच दिवशी बदला, नाहीतर अंगठा त्यातच अडकेल.

तरीही अडकलेच तर घाई करू नका. "थांबा" म्हणा. ताठ उभं राहू दे, एक श्वास सोडू दे. मग वजन डावीकडे, उजवीकडे, असं दोन-तीनदा डोलू दे. कुठला पाय आधी, ते ठरवा आणि "मोठं पाऊल, टाच आधी" एवढंच सांगा. घरातल्या चौघांनी चार बाजूंनी "चला, उचला, लवकर" म्हटलं की पाय आणखी चिकटतो. रेघ नसलेल्या ठिकाणी तुमचं पाऊल त्यांच्या बोटांपुढे वीतभर अंतरावर आडवं, जमिनीला टेकवून ठेवा. ते त्यावरून पाय टाकतील. काठी उलटी धरून तिच्या मुठीवरून पाय टाकायला लावतात, ते टाळा. मूठ पायात येते.

ठोक्यासाठी मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे एकसारखा टक-टक ठोका देणारं ॲप घ्या. चांगल्या वेळेला एका मिनिटात किती पावलं पडतात ते मोजा. समजा ९६ पडली. वडील अडकतात, म्हणून ठोका १० टक्के कमी, साधारण ८६ ठेवा. जे अडकत नाहीत, नुसती पावलं आखूड पडतात, त्यांना ९६ किंवा थोडा वरचा, १०५ पर्यंत चालतो. आपल्याकडे भजनाच्या तालावर चालवायचा मोह होतो. पण गजर चढत जातो तशी पावलंही धावू लागतात आणि माणूस तोंडावर पडतो. ठोका शेवटपर्यंत एकसारखाच हवा.

हा सराव सुटला की फायदाही ओसरतो, हे मनाची तयारी म्हणून सांगतो. २००७ साली युरोपात १५३ जणांवर घरच्या घरी अशा खुणांच्या सरावाचा अभ्यास झाला: ३ आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाची ९ सत्रं. चालण्यात थोडी पण खरी सुधारणा दिसली आणि सराव थांबल्यावर ६ आठवड्यांत ती बरीच उतरली. तेव्हा आठवड्यातून तीनदा अर्धा तास ठरवूनच टाका, गोळीचा असर असेल त्या वेळी. त्याच्या जोडीला खुर्चीतून उठणं-बसणं १० वेळा. चिपळूणला जाल तेव्हा नवे व्यायाम मागण्यापेक्षा रेघांमधलं अंतर आणि ठोका तपासून घ्या.

वळताना जागच्या जागी गर्रकन फिरू देऊ नका. अंगण असेल तर मोठा वळसा. न्हाणीघरात तेवढी जागा नसते, तिथे घड्याळाच्या काट्यासारखं, समोर १२ आहेत असं धरून: आधी ३ वर पाऊल, मग ६ वर, आणि हाताला दांडा. चालताना हातात तांब्या नको, गप्पा नकोत. बोलायचं असेल तर थांबून बोलायचं.

पावसाळा सरला की ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर न्या. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततात, म्हणून ओल्या घट्ट पट्ट्यावरून चालवा. लाटांपासून मात्र लांब, सरकतं पाणी बघून तोल जातो. २० पावलं झाली की मागे वळून उमटलेले ठसे त्यांना दाखवा. टाचेचा खड्डा खोल आणि ठसे सुटे असतील तर चाल ठीक आहे. दोन ठशांमध्ये बोटांनी ओढलेली रेघ दिसली की पाय घासतोय.

घराच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर आणि तारेच्या ब्रशने काढा. सैल स्लिपर बंद. मागून बांधलेलं, पातळ तळव्याचं पादत्राण द्या. उचलून ठेवायचा ॲल्युमिनियमचा वॉकर अशांना सहसा जमत नाही, दर पावलाला लय तुटते. चाकांचा घ्याल तर ब्रेकवालाच, आणि तोही घरातच. चिऱ्यांच्या अंगणात चाकं अडकतात.

एकदा बीपी असं मोजा: ५ मिनिटं आडवं झोपवून, मग उभं केल्यावर १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते डॉक्टरांना सांगा. पडण्याचं ते वेगळं कारण असतं आणि त्याला रेघांचा उपयोग नाही. सोबत आठवडाभर वहीत गोळीची वेळ आणि पाय अडकल्याची वेळ लिहून न्या. गोळी पुरती लागू असतानाही अडकत असतील तर ते न्यूरोलॉजिस्टना कळायलाच हवं.