सरकारी वकिली सोडून अमेरिकेत यायचं म्हणताय, तर

तुमचा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. सायबर गुन्ह्यांचे खटले चालवलेत, आता न्यूयॉर्कला एलएलएम करून व्हाइट कॉलर डिफेन्समध्ये, म्हणजे आर्थिक आणि कंपन्यांच्या गुन्ह्यांतल्या आरोपींच्या बचावात, शिरायचंय, मुलगी सातवीत आहे. मीही सरकारी वकिली सोडूनच इथे आले. बारची (इथल्या वकिलीच्या परवान्याची) पात्रता, व्हिसा हे अधिकृत ठिकाणी नीट लिहिलेलं आहे, ते सोडून देते.

इथल्या व्हाइट कॉलर डिफेन्समध्ये ‘माजी प्रॉसिक्युटर’ला फार मान आहे, पण तो फेडरल प्रॉसिक्युटरला, म्हणजे केंद्र सरकारच्या वकिलाला. सरकारी बाजू आरोप ठेवेल की तडजोडीला येईल, हे तो अशिलाला सांगू शकतो, कारण तो तिथेच काम करून आलेला असतो. त्या नोकरीला सहसा अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, म्हणजे आपल्याला ती वाट बंद. सेशन्स कोर्टातली माझी सगळी वर्षं मुलाखतीत एका वाक्यात उरकली गेली. अजून सलतं ते.

उपयोगी पडली ती पुराव्याची नजर. ६५-ब चं प्रमाणपत्र (जुन्या पुरावा कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागायचं ते) नाही म्हणून सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) हातचा जाताना ज्यानं पाहिलाय, तो हार्ड डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) कुणी घेतली, हॅश (प्रतीत बदल नाही हे दाखवणारा आकडी ठसा) जुळतो का, हे न सांगता विचारतो. कंपनी हॅक झाली की हेच प्रश्न पहिल्या रात्री लागतात, कारण घड्याळ सुरू झालेलं असतं: न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामकाच्या अखत्यारीतल्या कंपनीनं त्याला ७२ तासांत कळवायचं, आणि लिस्टेड कंपनीनं घटना गंभीर ठरवली की कामकाजाच्या ४ दिवसांत जाहीर करायचं.

जो सलिव्हनचा खटला येण्याआधी वाचाच. उबरचा सुरक्षाप्रमुख, त्याआधी स्वतः फेडरल प्रॉसिक्युटर. २०१६ च्या डेटाचोरीत हॅकर्सना १ लाख डॉलर देऊन ते बग बाउंटीचे (सुरक्षेतली त्रुटी दाखवल्याबद्दलच्या बक्षिसाचे) पैसे म्हणून दाखवले गेले, सरकारपासून चोरी लपवली गेली. २०२२ मध्ये ज्युरीनं त्याला दोषी धरलं. खटला भरणारं ऑफिस तेच, जिथे त्यानं पूर्वी काम केलं होतं. हा खटला वाचून माझी झोप उडाली होती.

कागदांचं सांगते. गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट इथल्या वकिलीच्या परीक्षा मंडळाला जावी लागतात. आमच्या विद्यापीठातला क्लार्क सीलबंद लिफाफा घरच्यांच्या हातात ठेवून म्हणायचा, “तुम्हीच पाठवा.” तसा लिफाफा चालत नाही. हे काम तिथे असतानाच, समोर उभं राहून करून घ्या.

आणि शाळा. प्रवेशाच्या फॉर्मवर घरात कोणती भाषा बोलता असं विचारतात. आम्ही मराठी लिहिलं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या मुलाची तेवढ्यावरून भाषेची चाचणी घेतली आणि विज्ञानाच्या तासाला उठवून त्याला वेगळ्या इंग्रजी वर्गात बसवायला लागले. तो घरी येऊन काही बोलायचा नाही. बऱ्याच राज्यांत आईवडिलांना असा वर्ग नाकारता येतो (न्यूयॉर्कमध्ये मात्र इंग्रजीचा वर्ग सहसा नाकारता येत नाही), हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही. मला फार उशिरा कळलं. चाचणीचा निकाल लेखी मागा आणि मुलीला तास चुकवू देऊ नका.

एकटेपणा येतो, कामात राहिलं की निभतं.

निभत नाही ते दुसरंच. इथे बहुतेक प्रकरणं खटल्यापर्यंत जातच नाहीत, वाटाघाटीत संपतात. उलटतपासणीला उभं राहण्याची माझी भूक अजून मेलेली नाही, आणि पगारानं ती भागत नाही. तुमचीही तशीच असेल तर लगेच राजीनामा देऊ नका. अध्ययन रजा मिळते का ते विचारा, एलएलएम करा, आणि सुट्टीत इथल्या फेडरल कोर्टात मागच्या बाकावर बसून एखादा खटला पाहा. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं.