टोरांटोहून १२ जणांच्या ग्रुपने जंगली मूस (उत्तरेकडचं महाकाय हरीण) बघायला कधी आणि कुठे जावं?

एकच वीकएंड, सोबत लहान मुलं आणि भारतातून आलेले आजी-आजोबा, एवढं तुम्ही लिहिलंय. मग टोरांटोच्या उत्तरेचं अल्गॉन्क्विन पार्क हे राखीव जंगलच बरं, आणि तेही मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. तुमच्या मनातला ऑगस्टचा लाँग वीकएंड मी तरी सोडून देईन.

सगळा खेळ मिठाचा आहे. हिवाळ्यात पार्कातून जाणाऱ्या हायवे ६० वर बर्फ हटवायला टाकलेलं मीठ बर्फ वितळला की कडेच्या चरांत उतरतं. महिनोन् महिने नुसत्या काटक्या खाल्लेल्या मूसला मिठातलं सोडियम हवं असतं, म्हणून ते खारं पाणी प्यायला तो रस्त्यालगत येतो. पुढे तळ्यांतल्या पाणवनस्पतींतून तेच मिळू लागलं की मूस आत सरकतात. मग कॅनू (वल्ह्यांची लहान होडी) हवा, आणि तुमच्या ग्रुपला ते झेपणार नाही.

मेअखेरीस तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि टोरांटोहून पोहोचायला तीनेक तास लागतात. त्यामुळे आदल्या रात्री पार्काजवळच्या हंट्सव्हिल किंवा व्हिटनी गावी मुक्काम करा, टाकीही तिथेच भरा. प्रत्येक गाडीला वेगळं डे परमिट लागतं. ते पाच दिवस आधीपासून ऑनलाइन मिळतं आणि वीकएंडला संपतंही.

दोन सातसीटर पुरेत. पार्कातला हायवे ५६ किलोमीटरचा आहे, कडेच्या पाट्यांवरचे किलोमीटरचे आकडे वेस्ट गेटपासून, म्हणजे पश्चिमेच्या प्रवेशद्वारापासून मोजलेले. मोबाइलला सलग रेंज नसते, म्हणून चुकामूक झाली तर ४३ किलोमीटरवरच्या व्हिजिटर सेंटरला भेटायचं, हे आधीच ठरवा. नजर झाडीत नको, चरात ठेवा. गढूळ पाणी, तुडवलेला चिखल, त्यात दोन फाकांचे लांबट खुरांचे ठसे दिसले की ती जागा ध्यानात ठेवून संध्याकाळी परत या.

मूस दिसला की गाडी पूर्णपणे शोल्डरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्टीवर घ्या. बाराच्या बारा जण धावत उतरले तर तो गेलाच समजा. आजी-आजोबांनी खिडकीतूनच बघावं, दुर्बीण ८ × ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) न्या. पिल्लू असेल तर कुणीच उतरू नका. कान मागे पडले, मानेवरचे केस उभे राहिले, की मादी अंगावर येणार. बाहेर असाल तर गाडीत किंवा जाड झाडामागे जा.

फोटोतली भव्य शिंगं मे-जूनमध्ये मिळणार नाहीत, ती सप्टेंबरच्या शेवटी. मेमधला मूस गोचिडांमुळे अंग घासघासून टकला पडलेला असतो, मुलांना आधीच सांगा. ब्लॅक फ्लाय नावाच्या बारीक काळ्या माश्या याच दिवसांत चावतात आणि रक्त काढतात: फिकट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावर जाळी हवीच.

अंधार पडल्यावर मात्र वेग खूप कमी ठेवा. गडद अंगामुळे मूस दिसत नाही, डोळे हेडलाइटच्या झोताच्या वर राहतात, आणि धडक बसली तर पाय मोडून ४००-५०० किलोचं धड काचेवर येतं.