बटण न दाबताच काम होते, मग खिडकी गोठते

प्रश्न : पायथनमधील टिकिंटर ही खिडक्या व बटणे बनवण्याची तयार लायब्ररी वापरून मी पहिला खिडकीचा प्रोग्रॅम लिहिला आहे. बटण दाबण्याआधीच त्याचे काम होऊन जाते, नंतर दाबल्यास काहीच घडत नाही, आणि उलटी मोजणी लावली की खिडकी गोठते. कोड एडिटर बदलावा का?

उत्तर : एडिटर बदलून हे दोष जाणार नाहीत. बटणाच्या ‘कमांड’मध्ये आपण फंक्शनच्या नावापुढे कंस दिलेले असावेत. त्यामुळे ते फंक्शन बटण तयार होतानाच चालते आणि त्याने परत दिलेले मूल्य, बहुधा ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’), बटणाला जोडले जाते. तेथे कंसांशिवाय केवळ नाव द्यावे.

गोठण्याचे कारण मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. क्लिक, कळा आणि खिडकी पुन्हा रंगवणे ही सारी कामे ‘मेनलूप’, म्हणजे खिडकी उघडी असेपर्यंत फिरत राहणारा टिकिंटरचा मुख्य लूप, एकामागून एक हाताळतो. आपण मोजणीसाठी प्रोग्रॅमला थांबवून ठेवणारे ‘स्लीप’ वापरले असेल, तर तेवढा वेळ हा लूपच थांबतो. त्याऐवजी टिकिंटरचे ‘आफ्टर’ वापरून १००० मिलिसेकंदांनी पुढचा आकडा दाखवणारे फंक्शन नोंदवावे, आणि मोजणी संपेपर्यंत त्या फंक्शनने स्वतःलाच पुन्हा तसेच नोंदवत राहावे.

तरीही एडिटर निवडायचाच असेल, तर एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात घडलेला थॉनी मी नवशिक्यांना आग्रहाने सुचवेन, कारण तो पायथन सोबतच आणतो आणि प्रोग्रॅम एकेक पायरीने चालवून चलांची बदलती मूल्ये दाखवतो. व्हीएस कोड हा एडिटर अनेक फायलींचा प्रकल्प हाती आल्यावर घ्यावा. एडिटर कोणताही असो, आपल्या फाइलला ‘टिकिंटर’ हे लायब्ररीचेच नाव देऊ नये. दिल्यास पायथन लायब्ररीऐवजी तीच फाइल उघडतो.