राष्ट्रीय विजेतेपद मिळालेली कॉलेज बेसबॉल टीम पुढच्याच सीझनला का कोसळते? पोरांच्या डोक्यात हवा जाते का?

तुम्ही ओल मिसचं, म्हणजे अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाचं उदाहरण दिलंय. २०२२ ला राष्ट्रीय विजेते, २०२३ ला तळाला. यश पचलं नाही का, आणि शाळा-कॉलेजच्या कोचने अशा वेळी काय करावं, असं विचारलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हवा डोक्यात गेली नाही, कोपर गेलं. पिचरचं, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचं.

मी त्या विद्यापीठाच्याच गावात, मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला, मास्टर्स केलं. २०२२ ची फायनल गावातल्या चौकात गर्दीत उभं राहून पाहिली आणि पुढचा अख्खा सीझन स्टेडियममध्ये बसून सोसला. 'डोक्यात हवा' हे शब्द मात्र मी बेसबॉल बघायला लागायच्या कितीतरी आधीपासून ऐकतोय, आमच्या आतेभावाच्या तोंडून. त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी तुमची 'कोसळली' ही कल्पनाच तपासून घेऊ. २०२२ चं ओल मिस काही वर्षभर सगळ्यांना लोळवत नव्हतं. मार्चमध्ये एक नंबरला होते, तेव्हा टेनेसीने घरी येऊन तिन्ही मॅच नेल्या. मग घसरण अशी की एसईसीमध्ये, म्हणजे ओल मिस ज्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या गटात) खेळतं तिथे, ७ विजय, १४ पराभव. ऑक्सफर्डमधले लोक कोच माइक बियांकोला घालवायच्या गोष्टी करत होते. कसेबसे १४-१६ वर संपले आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ टीममध्ये अगदी शेवटची जागा मिळाली. तिथून पुढे ११ मॅचपैकी १० जिंकले. सदर्न मिस विद्यापीठाला त्यांच्याच घरी १०-० आणि ५-०. शेवटच्या आठ टीम ओमाहा शहरात खेळतात, तिथे पिचर डिलन डिलुशियाने आर्कान्सासविरुद्ध पूर्ण मॅच एकट्याने टाकून २-० काढली. ओक्लाहोमाविरुद्धच्या शेवटच्या मॅचमध्ये नऊपैकी आठव्या इनिंगला हे १-२ ने मागे होते. जेकब गोन्झालेझने बरोबरी केली आणि पुढच्या दोन धावा कशावर आल्या? वाइल्ड पिचवर. ओक्लाहोमाच्या पिचरच्या हातून बॉल भरकटला, कॅचरच्या मागे गेला, आणि पोरं पळत घरी आली. ४-२. राष्ट्रीय विजेते.

म्हणजे वर्षभर मध्यम असलेली टीम जून महिन्यात पेटली. पुढच्या वर्षी ती परत मध्यम झाली असती तर कोणी प्रश्नही विचारला नसता. ती मध्यमच्याही खाली का गेली, एवढाच काय तो प्रश्न आहे.

२०२३ चे आकडे: एकूण २५-२९, एसईसीमध्ये ६-२४. चौदा टीममध्ये चौदावे. तेव्हा बारा टीमना हूव्हर गावी होणाऱ्या एसईसीच्या स्पर्धेत प्रवेश असायचा, दोन घरी बसायच्या. त्या वर्षी घरी बसलेली दुसरी टीम होती मिसिसिपी स्टेट, म्हणजे २०२१ चे राष्ट्रीय विजेते! लागोपाठच्या दोन वर्षांचे विजेते, एकाच राज्यातले, आणि नेमके तेच दोघे बाहेर. एप्रिलमध्ये स्टार्कव्हिलला, म्हणजे मिसिसिपी स्टेटच्या गावी, हे दोघे एकमेकांशी खेळले तेव्हा १६,४२३ लोक आले होते. कॉलेजच्या आवारात झालेल्या मॅचला इतकी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती.

आता दादा. माझा आतेभाऊ मेम्फिसजवळ राहतो, ऑक्सफर्डहून दीड तासावर. माझ्याआधी काही वर्षं तो आमच्याच कॉलेजात होता, सांगली जिल्ह्यातल्या, आणि तिथल्या खो-खो टीमचा कॅप्टन होता. त्याच्या काळात टीमने बरंच काही जिंकलं हे मी नाकारत नाही. त्या एप्रिलमध्ये एका शनिवारी वहिनींना सुट्टी नव्हती, म्हणून तो एकटाच आला आणि मी त्याला ओल मिसच्या मैदानावर, स्वेझ फील्डला, घेऊन गेलो. तिकिटं राइट फील्डच्या बाजूची. तिथे विद्यार्थी बसतात, आणि होमरन (बॉल थेट कुंपणापलीकडे) गेला की हातातली बिअर ग्लाससकट आभाळात उडवतात. मी त्याला आधी सांगितलं होतं, जुना शर्ट घालून ये. त्याने ऐकलं नाही.

समोरची टीम कुठली ते जाऊ दे. तिसऱ्या इनिंगपर्यंत आम्ही सहा धावांनी मागे. मग आमच्या एकाने होमरन मारला, अगदी साधा, एकट्याचा, सहाचे पाच झाले. आणि बिअरचा पाऊस. दादा डोक्यापासून पँटपर्यंत भिजला. रुमालाने चष्मा पुसत म्हणाला, "हरतायत, आणि दारू उडवतायत. हेच ते. माज. एक कप जिंकला की पोरांच्या डोक्यात हवा जाते. तुमच्या टीमचं असंच झालेलं."

तुमच्या टीमचं, म्हणजे माझ्या वेळच्या खो-खो टीमचं. झाली की त्याला पंधरा वर्षं! सत्यनारायणाला, साखरपुड्याला, एकदा तर मयताला जमलेलो असताना त्याने हे वाक्य टाकलंय.

मी त्याला म्हणालो, "दादा, तो बघ, बॉल टाकतोय तो. तो आज का टाकतोय माहितीय?"

"का म्हणजे? कोचने टाकायला सांगितला म्हणून."

"तो उद्याचा आहे."

हे ज्यांना कळलं त्यांना ओल मिसचा २०२३ चा सीझन कळला. कॉलेज बेसबॉलमध्ये कॉन्फरन्सच्या मॅच शुक्रवार-शनिवार-रविवार अशा असतात आणि प्रत्येक दिवसाचा पिचर ठरलेला. सगळ्यात भारी तो शुक्रवारी. २०२३ ला शुक्रवारी यायला हवा होता हंटर इलियट, डावखुरा. पहिल्याच वर्षात असताना त्याने ओमाहाच्या त्या शेवटच्या मॅचची सुरुवात केली होती. सीझन सुरू होतो न होतो तोच त्याचं कोपर दुखावलं. जवळपास पूर्ण वर्ष बाहेर, आणि शेवटी टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे कोपरातलं फाटलेलं लिगामेंट काढून तिथे शरीरातलाच दुसरीकडचा टेंडन बसवायचा. त्यातून परत यायला वर्षाहून जास्त लागतं. डिलुशिया आधीच ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, क्लीव्हलँडला गेलेला. मग शनिवारचा पिचर शुक्रवारी, रविवारचा शनिवारी, आणि बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, एखाद-दुसरी इनिंग टाकणारा पोरगा रविवारी पूर्ण मॅच सुरू करायला. समोरून मात्र प्रत्येक दिवशी त्यांचा खरा त्या दिवशीचा माणूस. आमचे पिचर लवकर बदलावे लागणार, मग बुलपेन तिसऱ्या-चौथ्या इनिंगलाच उघडणार, रविवारपर्यंत सगळ्यांचे हात संपलेले. एक कोपर गेलं की तीन दिवस जातात. दहा आठवडे असं चालवा, ६-२४ होतं.

बॅटिंगचंही तेच. फाटलेल्या गुडघ्यावर उभं राहून होमरन मारणारा कॅप्टन टिम एल्को गेला, केव्हिन ग्रॅहम, जस्टिन बेंच, कॅचर हेडन डनहर्स्ट गेले, शेवटची इनिंग टाकणारा ब्रँडन जॉन्सन गेला. हे काही कोणाचं पाप नाही. तिसरं वर्ष झालं की ड्राफ्टला पात्र होतात, चांगली पोरं तिथेच थांबत नाहीत. आणि माझं मत असं की जिंकलेल्या टीमला बाजारातही उशीर होतो. जूनच्या शेवटापर्यंत हे ओमाहात खेळत होते, तेव्हा लवकर हरलेले कोच फोनवर बसून ट्रान्सफर पोर्टलमधले, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतले, पिचर उचलत होते.

स्टार्कव्हिललाही हेच झालेलं. २०२१ च्या फायनलची शेवटची मॅच ९-० जिंकली तेव्हा पहिल्या सहा इनिंग विल बेडनारच्या, शेवटच्या तीन लँडन सिम्सच्या. बेडनार ड्राफ्टमध्ये चौदाव्या नंबरला सॅन फ्रान्सिस्कोला गेला. सिम्सला २०२२ मध्ये शुक्रवारचा केला, आणि तिसऱ्याच मॅचला त्याचं कोपर. २६-३०, एसईसीत ९-२१. यात माज कुठे आहे, दाखवा मला.

दादाला मी हे सगळं ओल्या शर्टात असतानाच सांगितलं. तो म्हणाला, "बरं, इथलं असेल. तुमचं काय?"

आमचं ऐका मग. मी दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही विद्यापीठाची स्पर्धा जिंकली. खो-खोत पळणारे तीन-तीनच्या तुकडीने आत येतात, आणि पहिल्या तुकडीने निम्मा वेळ खाल्ला की मागच्यांना फारसं काही करावं लागत नाही. आमची पहिली तुकडी तशी होती. पुढच्या वर्षी त्यातला एक पोलीस भरतीत लागला, एक बी.कॉम. होऊन एमआयडीसीत चिकटला, आणि तिसऱ्याचा गुडघा सरावात पोलवर वळताना गेला. मी दुसऱ्या तुकडीतला. मला पहिलीत घातलं. माझ्यासोबत दुसरीतलाच अजून एक आणि एक बारावीतून नुकता आलेला पोरगा. पहिल्याच फेरीत समोर आलेल्या कॉलेजने आम्हाला दीड मिनिटात उडवलं, आणि मागे जे उरले होते ते कधी सात मिनिटं पळालेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी जिमखान्याच्या फळ्यावर चेअरमन सरांनी खडूने लिहिलं की यशाने काही खेळाडूंच्या डोक्यात हवा गेल्याने ही नामुष्की ओढवली आहे. 'काही खेळाडूंच्या'! आदल्या वर्षी ढाल घेऊन प्राचार्यांशेजारी फोटोत हेच सर पुढे. पोलीस भरतीत गेलेल्याच्या डोक्यात हवा गेली होती का? ज्याचा गुडघा प्लास्टरमध्ये होता त्याच्या? राहिलो आम्ही. आम्ही तर पहाटे पाचला मैदानावर असायचो, आदल्या वर्षीपेक्षा लवकर, कारण भीती वाटत होती. दादाला ही बातमी त्याच फळ्यावरून कळली, कोणीतरी फोनवर सांगितली, आणि तेव्हापासून तोच त्याचा इतिहास.

लोकांना कारण चारित्र्यात हवं असतं. गुडघा, कोपर, ड्राफ्ट, नोकरी ही कारणं फार साधी वाटतात, त्यावर भाषण ठोकता येत नाही. म्हणून 'माज'.

आता तुम्ही कॉमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून: हो, सगळे कोसळत नाहीत. साउथ कॅरोलिनाने २०१० आणि २०११ लागोपाठ जिंकलं. व्हँडरबिल्ट २०१४ ला जिंकून २०१५ ला परत फायनलला गेलं, व्हर्जिनियाकडून हरलं. एलएसयूचं, म्हणजे २०२३ च्या विजेत्या लुइझियाना स्टेटचं, पुढे काय झालं ते मुद्दाम बघा. पॉल स्कीन्स आणि डिलन क्रूज ड्राफ्टमध्ये पहिला आणि दुसरा गेले, एकाच कॉलेजचे दोघे असे कधीच गेले नव्हते. २०२४ ला एसईसीत सुरुवात ३-१२. मग सावरले, कॉन्फरन्सच्या फायनलपर्यंत पोचले, रीजनलला (राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यात) नॉर्थ कॅरोलिनाकडून दहाव्या इनिंगला हरले, आणि २०२५ ला पुन्हा राष्ट्रीय विजेते. तिथे पैसा आणि पोर्टल दोन्ही जोरात आहे, हेही खरं. उलट बाजूला यूसीएलए: २०१३ ला विजेते, २०१४ ला २५ विजय, ३० पराभव, एक बरोबरी. आणि ओल मिसमध्येही सगळं दुखापतीवर ढकलता येणार नाही. त्या वर्षी बाकीचे पिचरही चालले नाहीत आणि त्यांना निवडणारा कोच बियांकोच होता. त्याला कोणी काढलं नाही, २०२४ लाही विजयांपेक्षा पराभव जास्तच होते, आणि २०२५ ला इलियट परत शुक्रवारी उभा राहिला तेव्हा टीमने चाळीसच्या वर मॅच जिंकल्या आणि रीजनल ऑक्सफर्डला आली. ती घरच्या मैदानावर मरे स्टेटने नेली, ते वेगळं दुखणं. स्टार्कव्हिलच्या कोचला मात्र २०२५ मध्ये सीझन चालू असतानाच काढलं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, कोचने काय करावं. कप आला त्याच आठवड्यात बसून लिहा की पुढच्या वर्षी कोण नसणार. दुसऱ्या फळीला याच वर्षी, जिंकत असतानाच, जास्त वेळ खेळवा, म्हणजे चालू मोसमात एखादी मॅच गेली तरी चालेल. दुखऱ्या पोराला 'फायनलपुरता' पळवू नका. फळ्यावर काही लिहू नका. स्कोअरशीट जपून ठेवा, कोण किती मिनिटं पळालं ते त्यात असतं, आणि पंधरा वर्षांनी कोणी 'माजली होती पोरं' म्हणालं की समोर धरता येतं.

आमच्या वेळची कोणी जपली नाही. म्हणून त्या शनिवारी परत येताना गाडीत मी दादाला एवढंच विचारलं, की आमच्या जिंकलेल्या वर्षी पहिल्या तुकडीत कोण कोण होतं, नावं सांग. हायवेला लागेपर्यंत त्याने विचार केला. मग त्याने एकच नाव घेतलं, माझं. आणि मी त्या तुकडीत नव्हतोच.