एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) इमारत आणि विक्रीचा टॉवर एकाच प्लॉटवर असले की दोन्हीकडचे लोक एकमेकांत मिसळतात का?

आपोआप मिसळत नाहीत; मुंबईत बहुतेक ठिकाणी ते फक्त एकमेकांचे शेजारी होतात. कारण योजनेच्या रचनेतच आहे. १९९५ पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत बिल्डर पात्र झोपडीधारकांना मोफत घर देतो (आता ३०० चौरस फूट चटई क्षेत्र) आणि त्याचा खर्च विक्रीच्या फ्लॅटमधून काढतो. साहजिकच महाग फ्लॅट खपवण्यासाठी तो गेट वेगळं ठेवतो, मध्ये भिंत घालतो. सोसायट्या दोन, मेंटेनन्स वेगळा, पार्किंग वेगळं. बालवाडी आणि कल्याण केंद्र पुनर्वसन इमारतीत, जिम आणि पोहण्याचा तलाव टॉवरला. मी सोसायट्यांचे हिशेब तपासतो, आणि दोन्ही कमिट्यांची एकत्र बैठक भरलेली मला फारशी दिसत नाही. भरलीच तर विषय पाणी नाहीतर ड्रेनेज.

संबंध अजिबात नसतो असं मात्र नाही. टॉवरमधल्या मावशी, ड्रायव्हर, इस्त्रीवाले पुष्कळदा शेजारच्याच इमारतीतले असतात. पण ती ओळख मालक-नोकराची, तिला शेजारधर्म म्हणणं मला जड जातं. फरक पडतो तो जागा खरोखर सामाईक असेल तिथे:

- भिंतीबाहेरचं महापालिकेचं मैदान किंवा बाग
- जुन्या वस्तीचं गणेश मंडळ, टॉवरवाले फक्त वर्गणी न देता कामालाही येत असतील तर
- एकच शाळा. हे सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात दुर्मीळ

घर घेण्याआधी लेआउटमध्ये गेट किती आणि कुठे आहेत ते बघा.