ज्वालामुखीवर पहिल्यांदा ग्रॅव्हिटी मोजायला निघालायस, तर आधी एवढं बघ

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसव, उंची मोजली नाहीस तर ग्रॅव्हिटीच्या आकड्याला काही अर्थ नाही. जमीन 1 सेंटीमीटर वर आली की रीडिंग साधारण 3 मायक्रोगॅलने (मायक्रोगॅल म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायचं अगदी छोटं एकक) कमी होतं. इटलीतल्या कॅम्पी फ्लेग्रेई या ज्वालामुखी भागात 1982 ते 1984 मध्ये पोझुओली हे शहर जवळपास 1.8 मीटर वर उचललं गेलं, म्हणजे नुसत्या उंचीचाच फरक 500 मायक्रोगॅलच्या वर, तो वजा केल्याशिवाय खाली मॅग्मा आलाय की नुसती जमीन फुगलीय हे कळणार कसं? म्हणून जीपीएस त्याच पॉइंटवर आणि त्याच दिवसांत घे.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथं:

- बेसवर, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या पॉइंटवर, परत न येणं. स्प्रिंगवाल्या ग्रॅव्हिटी मीटरचं रीडिंग आपोआप सरकत राहतं, त्यामुळे बेसवरून निघायचं, तीन-चार पॉइंट करायचे की परत बेस, कितीही कंटाळा आला तरी.
- गाडीतून उतरवल्या उतरवल्या रीडिंग घेणं. खडबडीत रस्त्यावर मीटर मांडीवर धरून बस, लेव्हल केल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांब.
- मीटरचं घड्याळ चुकीच्या टाइमझोनवर असणं, सगळं टाइड करेक्शन (चंद्र-सूर्याच्या ओढीचा परिणाम वजा करणं) वाया जातं.
- भूजल विसरणं. 20 टक्के पोकळ खडकात पाणी 1 मीटर चढलं तरी 8 मायक्रोगॅल वाढतात, तेव्हा जवळच्या विहिरीची पातळी लिहून ठेवच.

मॉडेलिंगला, म्हणजे आकड्यांवरून जमिनीखाली काय चाललंय ते काढायला, सध्या हात लावू नकोस, एकच लूप (बेसवरून निघून परत बेसपर्यंतची फेरी) पुन्हा पुन्हा कर आणि आकडे 10 मायक्रोगॅलच्या आत जुळायला लागले की पुढचं विचार, नक्की सांगेन.