‘खटकणे’ हिंदीतून आलेला नाही, आणि खटकलं म्हणजे चुकलं असंही नाही

दारव्हा तालुक्यातून एका काकांनी विचारलंय: “पुण्याची सून म्हणते, तुमचं ‘काय करून राहिले’ ऐकलं की मेंदूला खटकतं. हे ‘खटकणे’ हिंदीतून आलं काय?”

नाही. ‘खटकना’ आणि ‘खटकणे’ या बहिणी आहेत, मायलेकी नाहीत. शब्द हिंदीत सापडला की मराठीनं तो उसनाच आणला, असं धरून चालणाऱ्या व्युत्पत्तिकारांचा मला मनापासून राग येतो. या शब्दाचं मूळ आवाजात आहे. ‘खट्’ म्हणून पाहा: ‘ट’ला जीभ वर वळून टाळूला टेकते आणि हवा अडते. त्या अडण्यातूनच दाराचा खटका, बंदुकीचा खटका, खटखट, खटपट. माझ्या मते खटारासुद्धा याच घरचा. गोटाळ वाटेनं वावरातून येताना तो जो आवाज करतो, त्यावरूनच त्याला नाव पडलं असणार. यासाठी कुणी संस्कृत धातू शोधत बसलं तर ते मला पटणार नाही.

आणि मेंदूतला खटका तर मोजलासुद्धा गेलाय. 1980 मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या मेंदूच्या अभ्यासकांनी वाचणाऱ्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं एकेक शब्द करून दाखवली. आपल्याकडचं वाक्य घ्या: ‘बाईनं पऱ्हाटीला (म्हणजे कपाशीला) चहा पाजला.’ अशा ‘चहा’पाशी, शब्द दिसल्यापासून साधारण 400 मिलिसेकंदांनी, मेंदूत ऋण दिशेची विजेची लाट उठते. असते काही मायक्रोव्होल्टचीच, पण असते. पुढे 1984 मध्ये या दोघांनी दाखवलं, की वाक्य निरर्थक असायलाही नको; शब्द जितका अनपेक्षित, तितकी लाट मोठी.

म्हणजे खटका अपेक्षेचा, आणि अपेक्षा ऐकणाऱ्याची. ‘मेंदूला खटकलं, म्हणजे भाषा अशुद्ध’ हे जे सारखं कानावर पडतं, ते इथंच कोसळतं. मराठीच्या व्याकरणात तर हे आधीपासून आहे: आपण ‘मला खटकतं’ म्हणतो. ‘मी खटकतो’ म्हटलं की अर्थच फिरतो, मग मीच दुसऱ्याला सलायला लागतो.

‘करून राहिले’ ही वऱ्हाडीतली चालू क्रियेची पक्की, नियमात बसणारी रचना आहे. जाऊन राहिला, जाऊन राहिली, जाऊन राहिले: लिंग-वचन चोख. रचना मोडली की मेंदूत बहुधा दुसरीच लाट दिसते, धन दिशेची, 600 मिलिसेकंदांच्या आसपास. वऱ्हाडी कानाला ती अनुभवायची असेल तर ‘माय भाकर करून राहिला’ असं म्हणावं लागेल. त्यावर मात्र दारव्ह्यातलं शाळेतही न गेलेलं लेकरू तुम्हाला हसेल.